उलटा कार्बन

कार्बनबाईंनी हुकूमशाहीवर चार पुस्तकं लिहिली, पण टाइपरायटरमध्ये कार्बन कसा घालतात हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं, आणि तेही सासूबाईंकडून. सगळा घोटाळा तिथेच झाला.

कार्बनबाई हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. विद्यापीठाच्या कायदा विभागात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला चिकटलेल्या खोलीत बाई एकतीस वर्षं बसल्या. खोलीला खिडकी एकच, आणि ती उघडायची तर टेबलावर चढावं लागे, म्हणून ती एकतीस वर्षं बंद. दारावरच्या पाटीवर विषय लिहिलेला: कायदा, हिंसा आणि एकाधिकारशाही. पाटी वाचून नवी मुलं दबकत आत यायची आणि समोर पाच फुटांच्या आतली, बारीक आवाजाची, पिशवीत मोडका चष्मा चाचपणारी बाई बघून त्यांचा जीव भांड्यात पडायचा. तिथे तो फार वेळ टिकत नसे. कोठडीत मारायला तळपायच का निवडत, हे बाई पासपोर्टचा फॉर्म कसा भरावा ते सांगावं इतक्या शांतपणे सांगायच्या.

त्यांचा सगळा अभ्यास एकाच राजवटीचा. बाई लहान असताना सात वर्षं देशावर एका जनरलचं राज्य होतं. या जनरलला कायद्याचं भारी वेड. माणूस उचलायचा तर हुकूम पाहिजे, हुकमावर सही पाहिजे, सहीवर शिक्का पाहिजे. परदेशी पाहुण्यांना दाखवायला म्हणून त्यानं आपल्याच कायद्यात एक कलम घालून ठेवलं होतं: धरलेल्या माणसाला दहा दिवसांच्या आत हुकमाची प्रत, कारणांसकट, मिळालीच पाहिजे, नाही मिळाली तर त्याला सोडलंच पाहिजे. हे दाखवायचे दात होते. पण दाखवायच्या दातांचीही एक पंचाईत असते, एकदा दाखवले की ते नाहीत म्हणता येत नाही.

पंचविसाव्या वर्षी बाई अभिलेखागाराच्या तळघरात त्या हुकमांच्या फायली चाळत बसल्या होत्या. एका हुकमाच्या तुरुंगाच्या प्रतीच्या पाठीवर त्यांना उलट्या अक्षरांतला मजकूर दिसला. बाईंनी पर्समधला छोटा आरसा काढून कागदापुढे धरला आणि मजकूर सुलटा झाला. मग पुढची दोन वर्षं त्या आरसा घेऊनच तळघरात बसल्या, आणि दारावरच्या पहारेकऱ्यानं सगळीकडे सांगून ठेवलं की ती नवी बाई अभ्यास कमी आणि नट्टापट्टा जास्त करते.

आरशातून निघालं ते असं. हुकूम चार प्रतींत टाइप व्हायचा. सगळ्यात वर मूळ प्रत, खाली कार्यालयाची, तिच्याखाली तुरुंगाची आणि तळाला धरलेल्या माणसाची. मधे तीन कार्बन. कार्बन उलटा गेला की अक्षरं खालच्या कागदावर उमटायच्या ऐवजी वरच्या कागदाच्या पाठीवर उमटतात आणि खालचा कागद कोराच राहतो. साहेब सह्या करताना कागदांचे कोपरे तेवढे उचलत. कागद भरलेला आहे की कोरा हे बघायला हुकूमशाहीत वेळ कुणाला असतो. लाखबंद पाकिटातून सही-शिक्क्याचा कोरा कागद कैद्याच्या हातात पडे. अकरा कैद्यांच्या वकिलांनी असा कोरा कागद कोर्टापुढे धरला आणि जनरलच्याच न्यायाधीशाला जनरलच्याच कलमाप्रमाणे अकरा जणांना सोडावं लागलं. हे सगळं उघडकीला यायला वर्ष गेलं. मग चौकशी बसली आणि अहवालानं एका शब्दात निकाल लावला: हलगर्जीपणा. मोठ्या कारकुनाची लांब कुठेतरी बदली झाली, नवे कार्बन आले, प्रकरण मिटलं.

या अहवालावर बाईंनी आपलं आयुष्य उभं केलं. त्यांचा गलथानपणाचा सिद्धांत असा की हुकूमशाहीला धाडसी माणसं रोखत नाहीत, आळशी माणसं रोखतात. ‘धाडसाच्या गोष्टी आपण मागाहून रचतो’ हे त्यांचं वाक्य परीक्षेत हमखास यायचं. वर्गात त्या आळशी कारकुनाची नक्कल करायच्या: मोठी जांभई द्यायच्या, पाठ खाजवायच्या, चहाचा घोट घ्यायच्या आणि न बघता कार्बन उलटा सरकवायच्या. वर्ग टाळ्या वाजवायचा. जनरलच्या सरकारचा एकही शब्द बाईंनी पुराव्याशिवाय कधी मानला नव्हता. त्याच्या अहवालातला हा एक शब्द मात्र त्यांनी डोळे मिटून घेतला, कारण तो त्यांना आवडला. विद्वानांचं असं होतं.

टंकलेखन शाखेतल्या माणसांना शोधायचा प्रयत्न त्यांनी केला, नाही असं नाही. पण जनरल पळून गेला त्या आठवड्यात शाखेची हजेरीपुस्तकं जळाली होती. बाईंनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, ‘त्या काळी गृहखात्यात टंकलेखनाचं काम केलेल्यांनी कृपया संपर्क साधावा.’ कुणी साधला नाही. जाहिरातीचं ते पान घरातल्या चमच्यांच्या खणात तळाला अंथरलेलं होतं, जाहिरातीची बाजू खाली करून. बाई त्याच्यावरचे चमचे रोज काढायच्या आणि ठेवायच्या.

खणात कागद अंथरायचं काम सासूबाईंचं. घर तिसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. बाईंचा नवरा नकाशे काढायच्या कचेरीत होता आणि बोलण्याचं खातं त्यानं आई आणि बायको या दोघींवर कायमचं सोपवलं होतं. सासूबाई त्र्याऐंशीच्या, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या टंकलेखिका. पाठ ताठ, जीभ तिखट. बोटं तर अजून नोकरीवरच होती. टीव्हीवर बातम्या लागल्या की त्यांच्या मांडीवर ती आपोआप टाइप करू लागत.

बाईंचा प्रबंध सासूबाईंनीच टाइप केला होता. चारशे बारा पानं, ऑफिसातून आल्यावर रोज आठ. साठाव्या पानाला त्यांनी मान वर केली होती.

“हा ‘आळशी’ शब्द फार वेळा येतोय गं.”

“येऊ द्या आई. तोच मुख्य मुद्दा आहे.”

“‘कामचुकार’ पण आलाय. आणि ‘बेफिकीर’.”

“तेही राहू द्या.”

“तुला भेटलाय का कधी तो माणूस?”

“कारकून? छे! त्याला स्वतःला तरी आठवत असेल का, आपण काय केलं ते?”

सासूबाईंनी मान खाली घातली आणि पुढचा ‘आळशी’ इतक्या जोरात टाइप केला की कागदाला भोक पडलं. बाईंना वाटलं, आई दमल्या.

दर रविवारी मामा जेवायला यायचे. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ आणि त्या सुटलेल्या अकरांपैकी एक. कॉलेजात असताना जनरलच्या तसबिरीला मिशी काढली म्हणून धरले गेले आणि कोऱ्या कागदावर सुटून आले. त्यानंतर त्यांनी आयुष्यात काही म्हणजे काही केलं नाही. तीन धंदे सुरू करून चार बंद केले, असं त्यांच्याबद्दल घरात म्हटलं जाई. जेवून सोफ्यावर आडवे होताना ते न चुकता म्हणायचे, “त्या आळशी कारकुनाचं भलं होवो, सूनबाई. आमच्याच पंथातला असणार!” तसं म्हटलं की सासूबाई खसकन त्यांच्या डोक्याखालची उशी ओढून घ्यायच्या. बाईंना ती बहीण-भावाची थट्टा वाटायची.

आणि तिसरे चष्मेवाले. बाईंच्या पुस्तकात ते साक्षीदार क्रमांक सतरा, बाजाराच्या मागच्या गल्लीत मात्र नुसते चष्मेवाले. जिन्याखाली एवढंसं दुकान, एक काउंटर, बारीक स्क्रूंचे डबे आणि भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. तरुणपणी एका फरारी माणसाच्या चष्म्याची काडी बसवून दिली, एवढ्या गुन्ह्यासाठी ते दोन वर्षं चार महिने आत होते आणि बाहेर आले ते उजव्या कानानं ठार बहिरे होऊन. बाईंचा मोडका चष्मा दुरुस्त करता करता ते सांगत गेले आणि बाई लिहून घेत गेल्या. मुलाखत संपली, पुस्तक निघालं, पण बाईंचा चष्मा मोडायचा थांबला नाही, त्यामुळे ओळख टिकली.

“अकरा जणांच्या वेळी कारकून आळशी,” चष्मेवाले हसून म्हणायचे, “आणि माझ्याच वेळी नेमका कामसू निघाला. आता बोला!”

हे वाक्य बाईंनी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर घातलं होतं. वाचकांना ते फार आवडायचं. एकदा चष्मेवाले दुरुस्त झालेला चष्मा द्यायला स्वतः घरी आले, तर सासूबाई आतल्या खोलीत गेल्या आणि कडी लावून बसल्या. ते जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. बाईंनी नवऱ्याला सांगितलं, आईंना हल्ली माणसं नकोशी झालीत. नवऱ्यानं मान हलवली.

तर अशी ही सगळी मंडळी आपापल्या जागी सुखात असताना बाईंची निवृत्ती आली. शेवटचं जाहीर व्याख्यान ठरलं, पुस्तकाची दुसरी आवृत्ती छापायला गेली, विभागप्रमुखांनी गौरवग्रंथाला प्रस्तावना लिहिली. व्याख्यानात प्रात्यक्षिक करायचं बाईंच्या मनात आलं, कारण आताच्या मुलांनी कार्बन पाहिलेलाही नव्हता. स्वतः बाईंनी पाहिला होता, हाताळला कधीच नव्हता. त्यांचं सगळं लिखाण हातानं आणि टाइप करायला सासूबाई. एका शनिवारी दुपारी त्यांनी नवऱ्याकडून माळ्यावरचा टाइपरायटर खाली काढवला, जेवणाच्या टेबलावर मांडला आणि सासूबाईंना बोलावलं.

“आई, तो आळशी कारकून कसा करत असेल, ते जरा दाखवा ना.”

सासूबाईंनी खुर्ची ओढली. चार कागद घेतले, तीन कार्बन घेतले, गठ्ठा टेबलावर दोनदा आपटून कडा सारख्या केल्या.

“सगळे उलटे घालू?”

“हो, उलटेच.”

सासूबाईंनी एक ओळ टाइप केली आणि कागद काढून बाईंपुढे पसरले. मूळ प्रत तेवढी धड होती. बाकीचे तिन्ही कागद समोरून कोरे.

“असं नव्हतं,” बाई म्हणाल्या. “कार्यालयाची प्रत चांगली आहे. तुरुंगाचीही समोरून चांगली आहे. फक्त शेवटची कोरी.”

“मग एकच कार्बन उलटा. सगळ्यात खालचा.”

“हां, तसा घाला.”

“तसा आळशी माणूस घालत नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“आळशी माणूस गठ्ठा उचलतो. उलटा तर सगळा उलटा, सुलटा तर सगळा सुलटा. तिनातला एक बाहेर काढायचा, फिरवायचा, परत तिथेच सरकवायचा, आणि अकराच्या अकरा वेळा तो शेवटचाच असायला पाहिजे. कष्टाचं काम आहे ते.”

बाईंच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला. अकरा फायली त्यांनी आरशात अक्षर न् अक्षर वाचल्या होत्या. तिनातला एकच कार्बन का उलटा, हा प्रश्न त्यांना तीस वर्षांत पडला नव्हता, आणि पडला असता तर टंकलेखिकेला विचारायला फक्त शेजारच्या खोलीत जावं लागलं असतं.

“आई,” त्यांनी विचारलं, “पाणीपुरवठा खात्याच्या आधी तुम्ही कुठे होतात?”

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” सासूबाई म्हणाल्या. “विचारलंस एकदाचं.”

खरं सांगायचं तर बाईंच्या मनात पहिला विचार सासूबाईंचा आला नाही, दुसऱ्या आवृत्तीचा आला. मग त्यांना वर्गातली आपली जांभई आठवली, ते पाठ खाजवणं आठवलं. सासूबाई त्यांच्या जाहीर व्याख्यानांना तीन वेळा आल्या होत्या आणि तिन्ही वेळा पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बाईंचे कान तापले. इतकी लाज त्यांना कुठल्या परीक्षकापुढे वाटली नव्हती.

“का नाही सांगितलंत?”

“आधी भीती होती. मग तुझा प्रबंध आला. तू त्या आळशी माणसावर इतकी खूश होतीस! नोकरीही त्याच्यावरच मिळाली तुला. घरात आलेल्या पोरीच्या पोटावर पाय कसा आणायचा?”

“एवढंच?”

सासूबाई थोडा वेळ टाइपरायटरची लांब पट्टी दाबत बसल्या. कागद नसलेला रूळ टकटक करत पुढे सरकत राहिला.

“नाही, एवढंच नाही,” त्या म्हणाल्या. “आळशी म्हटलेलं बरं असतं गं. आळशाला कुणी विचारत नाही, अकराच का? बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं?”

मग त्यांनी सांगितलं. खोलीत चौघी जणी होत्या. प्रत्येक हुकमात चूक निघाली असती तर चार दिवसांत पकडल्या गेल्या असत्या. म्हणून सासूबाईंनी एकटीनं आपल्यापुरता नियम केला: सहा सुलटे, सातवा उलटा. नावं वाचायची नाहीत, मसुदा येईल तसा घ्यायचा, मोजायचं आणि पुढे जायचं. नाव वाचलं की हात अडकणार. अशा त्यांच्या हातून अकरा कोरे गेले आणि सहासष्ट भरलेले.

“सगळे मसुदे आले तसेच घेतले. एकदा मात्र पाचवा टाइप करताना गठ्ठ्याखाली याचं नाव दिसलं.” त्यांनी हनुवटीनं सोफ्याकडे दाखवलं. शनिवार असल्यामुळे सोफा रिकामा होता, पण मधोमध पडलेला खड्डा मामांचाच होता. “तो आठवा होता. मी त्याचा कागद एक घर वर घेतला.”

“म्हणजे जो सातवा होता...”

“तो आठवा झाला.”

विचारायची गरज नव्हती, पण बाईंची सगळी कारकीर्द विचारण्यातच गेली होती. “कोण होता तो?”

सासूबाईंनी टेबलावरचा बाईंचा चष्मा उचलला आणि नव्या काडीवरून बोट फिरवलं. “ही कोण बसवून देतं तुला?” त्या म्हणाल्या.

पुढचे पाच दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. नवऱ्याला वाटलं, निवृत्तीचं दुःख. बाई सकाळी व्याख्यान लिहायच्या आणि संध्याकाळी फाडायच्या. मोह होता, आणि तो लहानसहान नव्हता. कोणाला कळणार होतं? हजेरीपुस्तकं जळालेली, साक्षीदार घरातली, तीही तीस वर्षं गप्प. एका शब्दावर चार पुस्तकं आणि एकतीस वर्षांची खोली उभी होती, आणि साठाव्या वर्षी माणूस नवा सिद्धांत आणणार कुठून? शिवाय खरं जाहीर करायचं म्हणजे सासूबाईंनाच उघडं पाडायचं, असंही बाई स्वतःला समजावत. हे कारण त्यांना विशेष पसंत पडलं, कारण त्यात आपला मोठेपणा होता.

गुरुवारी सकाळी सासूबाई त्यांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“तू तुझा आळशी काढ,” त्या म्हणाल्या. “मग माझं मी बघते.”

“आणि नाही काढला तर?”

“तर मीही गप्प. जमतं मला.”

त्या आत गेल्या. ते ‘जमतं मला’ बाईंना फार लागलं. ज्या माणसाला आपण जगात शोधत होतो, तो आपल्यासाठी चहा करत होता, आपली पानं टाइप करत होता, आणि आपणच त्याला गप्प बसायची सवय लावली. बाई टेबलावर डोकं टेकून रडल्या. मग त्यांनी छापखान्याला फोन केला.

व्याख्यानाला सभागृह भरलं होतं. पंख्यांचा आवाज माइकपेक्षा मोठा होता. सासूबाई पहिल्या रांगेत, इस्त्रीची कडक साडी नेसून. मामा तिसऱ्या रांगेत, कारण मागाहून चहा आणि खाणं आहे असं पत्रिकेत छापलेलं. चष्मेवाले त्यांच्या ठरलेल्या जागी, उजव्या भिंतीकडच्या वाटेला लागून अगदी टोकाच्या खुर्चीवर, म्हणजे चांगला कान सभागृहाकडे राहतो.

“गेली तीस वर्षं मी तुम्हाला चुकीचं शिकवलं,” बाईंनी सुरुवात केली.

प्रचंड हशा झाला. बाई विनोदी म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी हशा संपू दिला, कागद घेतले, तीन कार्बन घेतले आणि पहिल्यांदा स्वतःच्या हातानं लावले. तिनातला एक काढून फिरवायला त्यांना इतका वेळ लागला की सभागृह हळूहळू शांत झालं. मागच्या रांगांतले जुने विद्यार्थी जांभईची वाट बघत होते. जांभई आली नाही.

“हे बघा, याला दोन्ही हात लागतात,” बाई म्हणाल्या. “ते हात आळशी नव्हते. ते एका बाईचे होते. तिनं हे ठरवून केलं. धाडसाच्या गोष्टी आपण मागाहून रचतो, असं मी म्हणायचे. ही गोष्ट माझ्या समोर होती आणि मी तिला आळस म्हटलं, कारण सरकारी अहवालात तसं लिहिलं होतं आणि मला स्वतःला कार्बन घालता येत नव्हता.”

विभागप्रमुखांचा चेहरा पडला. त्यांच्या प्रस्तावनेत गलथानपणाचा सिद्धांत नऊ वेळा आला होता. एका सहकाऱ्यानं उभं राहून पुरावा काय म्हणून विचारलं.

“आहे,” बाई म्हणाल्या. “पण तो माझा नाही. द्यायचा की नाही, हे तिचं तिनं ठरवायचं.”

टाळ्या पडल्या त्या गोंधळलेल्या होत्या. मग लोक चहासाठी व्हरांड्याकडे वळले आणि सभागृह रिकामं झालं. गर्दीचा आवाज सोसत नसल्यामुळे चष्मेवाले बसून राहिले. मामाही राहिले, पण ते व्याख्यानाच्या दहाव्या मिनिटापासून मान मागे टाकून झोपलेले होते. सासूबाई उठल्या. खुर्च्यांचा आधार घेत भिंतीकडच्या वाटेनं चष्मेवाल्यांपाशी गेल्या आणि त्यांच्या खुर्चीची पाठ धरून वाकून बोलू लागल्या. बाई व्यासपीठावर कार्बन गोळा करत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

सासूबाईंनी काही सोडलं नाही. सहा सुलटे, सातवा उलटा. गठ्ठा, भावाचं नाव, एक घर वर घेतलेला कागद. “भाऊ पोरगा होता हो,” त्या म्हणाल्या, “एकवीस वर्षांचा.” मग त्या थांबल्या आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

चष्मेवाले समोर व्यासपीठाकडे बघून बाईंना ओळखीचं हसले. मग शेजारी कुणीतरी आहे असं वाटून त्यांनी मान वळवली.

“ताई, माझ्याशी बोलत होतात का? माफ करा हं, हा कान गेलेला आहे माझा. या बाजूनं सांगता का?”

बाईंना वाटलं, धावत खाली जावं आणि आपणच सांगून टाकावं. पाठ झालं होतं. पण त्या हातात कार्बन घेऊन तशाच उभ्या राहिल्या. सासूबाई खुर्चीमागून वळसा घालून डाव्या बाजूला आल्या, शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं; भावाचं नाव आलं तेव्हा झोपलेल्या मामांकडे बोट दाखवलं. दुसऱ्या वेळी जास्त वेळ लागला. पोरगा होता हो, हे या वेळी त्या म्हणाल्या नाहीत.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत घातला.

“म्हणजे कारकून कामसूच होता,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि सातवा हा?”

तिसऱ्या रांगेत मामांचं तोंड उघडं पडलं होतं. दुरुस्तीला आलेला चष्मा बघावा तसं चष्मेवाले त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“झोप छान लागते त्याला,” ते म्हणाले.

“लागते.”

“मला अजून राग येत नाहीये. घरी गेल्यावर येईल. तुम्ही सोमवारी दुकानात या. तोवर आलेला असेल.”

“येते,” सासूबाई म्हणाल्या.

मग चष्मेवाल्यांनी आपला चांगला कान त्यांच्याकडे केला.

“आमच्या आधीचे ते सहा कोण होते हो?”

“मी नावं वाचत नव्हते,” सासूबाई म्हणाल्या.

पण त्यांची बोटं मांडीवर चालू झाली होती. त्यांनी एक नाव घेतलं, बापाच्या नावासकट, हुकमात असतं तसं. मग पत्ता सांगितला. मग दुसरं नाव. बाईंना त्या याद्या जुळवायला आरसा घेऊन दोन वर्षं लागली होती. त्यांची वही पिशवीत होती, पेन वहीत होतं. त्यांनी पिशवीला हात लावला नाही.

तिसऱ्या रांगेत मामा जागे झाले, इकडेतिकडे बघू लागले आणि चहा संपला का म्हणून विचारू लागले. सासूबाई चौथ्या नावावर होत्या.